फोर्ट वॉल्श : शब्द आणि शिधा

मराठी माणसाच्या मनातला किल्ला डोंगरमाथ्यावर असतो. तासलेले कडे, एकच अवघड वाट, वर पाण्याची टाकी, आणि चहूकडचा मुलूख नजरेच्या टप्प्यात. कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातला फोर्ट वॉल्श पाहताना ही सवय आड येते, कारण हा किल्ला खोलगटात आहे. मेपल क्रीक गावापासून पन्नासेक किलोमीटरवर, प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, सपाट गवताळ प्रदेशातून सायप्रस हिल्स नावाच्या टेकड्या अचानक उठतात. त्यांच्यामधून बॅटल क्रीक हा ओढा वाहतो, आणि ओढ्याकाठच्या सपाटीवर लाकडी ओंडक्यांचं कुंपण आणि त्याच्या आत चुन्यानं रंगवलेल्या बुटक्या इमारती उभ्या आहेत. भोवतीच्या कुठल्याही उतारावर बंदूक घेऊन बसलेल्या माणसाला आतलं अंगण सरळ दिसावं, अशी ही जागा आहे. वेढा पडेल, मारा होईल असं धरून चालणाऱ्या कोणीही ती निवडली नसती. 1875 च्या उन्हाळ्यात नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस दलाच्या ‘बी’ तुकडीचा अधिकारी जेम्स मॉरो वॉल्श यानं ती निवडली, ती पाणी, लाकूड आणि माणसांची वर्दळ पाहून. क्री, असिनिबॉइन, ब्लॅकफूट आणि मेटी शिकारी हिवाळ्यात या टेकड्यांच्या आडोशाला येत, आणि पोलिसांना त्यांच्या जवळ राहायचं होतं.

या किल्ल्याचं आयुष्य उणंपुरं आठ वर्षांचं, 1875 ते 1883. कॅनडाच्या राष्ट्रीय आठवणीत मात्र त्याला मानाचं पान आहे. लाल डगल्यातल्या मूठभर पोलिसांनी गोळीबार न करता पश्चिमेत कायदा आणला, अमेरिकेत जे रक्तानं झालं ते इथं सचोटीनं झालं, अशी ती आठवण आहे. अलीकडे तिच्या उलट दुसरी मांडणी पुढं आली आहे. हे पोलीस म्हणजे वसाहतवादाचा मुखवटा, आणि त्यांचा किल्ला म्हणजे मूलनिवासींची जमीन रिकामी करून घेण्याचं ठाणं. माझ्या मते दोन्ही मांडण्यांना भक्कम पुरावा आहे, पण दोन्ही एकाच जागी चुकतात. त्या किल्ल्याच्या इतिहासाचे दोन वेगळे तुकडे करतात आणि त्यांतला एक खरा, दुसरा अपवाद मानतात. प्रत्यक्षात पहिल्या चार वर्षांत पोलिसांनी शब्द पाळून जो विश्वास मिळवला तो अस्सल होता, आणि नंतरच्या चार वर्षांत उपासमारीच्या जोरावर माणसं हलवणं शक्य झालं ते त्याच विश्वासामुळं.

पोलीस दल का उभं राहिलं तिथून सुरुवात करावी लागेल. 1670 च्या सनदेनं हडसन्स बे कंपनीकडे असलेला अफाट मुलूख 1870 मध्ये तीन लाख पौंडांच्या मोबदल्यात नव्या कॅनडाकडे आला. तिथं राहणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. कंपनीची जरब गेली, कॅनडाची अजून पोचली नव्हती, आणि त्या मधल्या काळात मोंटाना प्रदेशातल्या फोर्ट बेंटनचे व्यापारी सरहद्द ओलांडून दारू विकू लागले. बायसनची कातडी द्या, दारू न्या, असा तो धंदा. 23 मे 1873 रोजी ओटावाच्या संसदेनं घोडेस्वार पोलीस दलाचा कायदा संमत केला. त्यानंतर नऊच दिवसांनी, 1 जूनला, बॅटल क्रीकच्या काठावर ती घटना घडली जिच्यामुळं कागदावरचा कायदा घाईनं अमलात आला. विषारी मांस टाकून लांडगे मारणारी, त्यांच्या कातड्यांवर जगणारी अमेरिकन टोळी आपले चोरीला गेलेले घोडे शोधत इथं आली. घोडे काही सापडले नाहीत. ओढ्याकाठी दोन व्यापारी ठाणी होती आणि जवळच लिटल सोल्जर या नायकाचा असिनिबॉइन तळ होता. ही माणसं उत्तरेतल्या हिवाळ्यात उपासमार सोसून जेमतेम इथवर पोचलेली. दोन्हीकडे दारू प्यालेली होती. आणखी एक घोडा दिसेनासा झाला, बाचाबाची झाली, आणि टोळीनं ओढ्याच्या घळीचा आडोसा घेऊन भरलेल्या तळावर गोळ्या चालवल्या. वीसहून अधिक असिनिबॉइन मेले. त्यांत लिटल सोल्जर होता. बायकांवर अत्याचार झाले. टोळीचा एक माणूस मेला. आज ही जागा किल्ल्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर आहे. वॉल्शनं किल्ला बांधला तो या हत्याकांडाच्या शेजारी, आणि शेजारच्या तळांवरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

1874 च्या उन्हाळ्यात पावणेतीनशेच्या आसपास माणसं तोफा, बैल आणि गाड्यांसह मॅनिटोबातून पश्चिमेला निघाली. घोडे मेले, वाट चुकली, अखेर जेरी पॉट्स या मिश्रवंशी वाटाड्यानं त्यांना मार्गावर आणलं. हा प्रवास कॅनडात फार रंगवून सांगितला जातो, आणि तो इथं एवढाच पुरे. महत्त्वाचं नंतर घडलं. 1875 मध्ये जेम्स मॅक्लाउड आणि अचेसन अर्विन हे अधिकारी मोंटानातल्या हेलेना गावी गेले आणि हत्याकांडातल्या आरोपींना कॅनडाच्या ताब्यात द्यावं अशी मागणी त्यांनी केली. गाव आरोपींच्या बाजूनं उभं राहिलं, मागणी फेटाळली गेली, वर मॅक्लाउडलाच उलट्या फिर्यादीवर थोडा वेळ अटक झाली. तीन जण मात्र कॅनडाच्या हद्दीत सापडले, पुढच्या वर्षी विनिपेगला खटला चालला, आणि पुराव्याअभावी तिघंही सुटले. यावर कोणी म्हणेल, मग या कायद्याचं मोल काय? कोणालाच शिक्षा झाली नाही. आक्षेप रास्त आहे, आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांना या निकालानं न्याय मिळाला असं कोणी म्हणू नये. पण त्या मुलखात गोऱ्या माणसांनी मूलनिवासींना मारलं म्हणून सरकार दोन वर्षं खटपट करतं, परक्या देशात माणसं पाठवतं, हे आजवर झालेलं नव्हतं. दारूची ठाणी बंद झाली, पिंपं फोडली गेली, गोऱ्या व्यापाऱ्यांना दंड झाले. लोकांनी हे पाहिलं. 1877 च्या सप्टेंबरमध्ये ब्लॅकफूट लोकांनी सातव्या क्रमांकाचा तह केला, तेव्हा त्यांचा नेता क्रोफूट यानं पोलिसांनी आपल्याला दारूच्या व्यापाऱ्यांपासून वाचवलं हे उघड सांगितलं, आणि सही करण्याचं तेही एक कारण दिलं. सरकारच्या वतीनं तह करणाऱ्या दोघांत एक होता मॅक्लाउड. पोलिसांवरचा विश्वास आणि जमिनीवरचा हक्क सोडणारी सही, दोन्ही एकाच दिवशी एकाच कागदावर आली.

त्याच वर्षी फोर्ट वॉल्शची सर्वांत मोठी कसोटी लागली. जून 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लकोटा आणि शायान योद्ध्यांनी कस्टरच्या अमेरिकन पलटणीचा फडशा पाडला होता. त्यानंतर लकोटांच्या टोळ्या सरहद्द ओलांडून कॅनडात येऊ लागल्या, आणि मे 1877 मध्ये त्यांचा नेता सिटिंग बुल आला. एकूण चार-पाच हजार माणसं झाली असतील. सगळ्या पश्चिमेत मिळून पोलीस तीनशेच्या आसपास. वॉल्श हातावर मोजण्याएवढी माणसं घेऊन सिटिंग बुलच्या तळावर गेला आणि त्यानं अटी सांगितल्या: इथला कायदा सर्वांना सारखा, सरहद्दीपलीकडे जाऊन लढायचं नाही, घोडे चोरायचे नाहीत. त्या बदल्यात इथं कोणी तुमच्यावर हल्ला करणार नाही. बळाच्या हिशेबात हे बोलणं पोकळ होतं, पण ते टिकलं. अमेरिकन सैन्याचा पाठलाग त्या रेषेशी खरोखर थांबला, म्हणून लकोटांनी वॉल्शचा शब्द खरा मानला.

17 ऑक्टोबर 1877 रोजी किल्ल्यातल्या अधिकाऱ्यांच्या खोलीत जे घडलं ते या विश्वासाचं सर्वांत स्पष्ट चित्र आहे. अमेरिकेचा जनरल आल्फ्रेड टेरी शिष्टमंडळ घेऊन आला होता. हत्यारं आणि घोडे द्या, परत चला, मागचं माफ करू, घोडे विकून आलेल्या पैशांच्या गाई तुम्हाला देऊ, असा त्याचा प्रस्ताव. काही दिवसांपूर्वीच अमेरिकन सैन्याकडून मार खाल्लेले नेझ पर्स निर्वासित, जखमी बाया-मुलांसह, लकोटांच्या तळावर पोचले होते, तेव्हा या माफीची किंमत सर्वांसमोर होती. सिटिंग बुल आत आला, पोलीस अधिकाऱ्यांशी त्यानं हात मिळवला, आणि टेरीच्या माणसांकडे न पाहता तो जमिनीवर अंथरलेल्या बायसनच्या कातड्यांवर बसला. मधल्या टेबलाला त्याची हरकत होती. टेबल हलवलं गेलं. प्रस्ताव त्यानं झिडकारला. मग बोलायला एक स्त्री उभी केली गेली, आणि शिष्टमंडळाला तो अपमान कळला. सगळ्यांना सहसा एवढंच आठवतं. त्याच दिवशी शिष्टमंडळ बाहेर पडल्यावर मॅक्लाउडनं लकोटांना जे सांगितलं ते कमी आठवतात. राणीच्या सरकारकडून तुम्हाला संरक्षणापलीकडे काही मिळणार नाही, असं तो म्हणाला. तुमचा आधार फक्त बायसन, आणि तो आधार फार वर्षं पुरणार नाही. हे प्रामाणिक बोलणं होतं. पण त्यात पुढच्या सगळ्या धोरणाचं सूत्रही होतं: गोळीपासून आम्ही वाचवू, भुकेपासून नाही.

बायसन गेले ते अपेक्षेपेक्षा लवकर. 1871 च्या सुमारास त्यांच्या कातड्यापासून कारखान्यांतले पट्टे बनवण्याची युक्ती सापडली आणि अमेरिकेत व्यापारी कत्तल सुरू झाली. 1879 पर्यंत कॅनडाच्या बाजूला कळप दिसेनासे झाले. पेमिकन हे सुक्या मांसाचं टिकाऊ अन्न, तंबू, पादत्राणं, पांघरूण, सगळं ज्या एका जनावरातून येई ते दोन-तीन वर्षांत नाहीसं झालं. लोक कुठं गेले? फोर्ट वॉल्शला. तिथं फोर्ट बेंटनहून बैलगाड्यांनी आलेलं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस होतं, आणि चार वर्षं आपल्याशी नीट वागलेले पोलीस होते. 1878 मध्ये हा किल्ला दलाचं मुख्यालय झाला, आणि वर्षभरात तो शिधावाटपाचं केंद्र बनला. भुकेनं वाटाघाटींची रीतच बदलून टाकली. बिग बेअर हा क्री नेता सहाव्या क्रमांकाच्या तहावर सही करायला तयार नव्हता; अटी अपुऱ्या आहेत, आधी बघू या सरकार शब्द पाळतं का, असं त्याचं म्हणणं. जुलै 1879 मध्ये फोर्ट वॉल्शमध्ये लिटल पाइन आणि लकी मॅन यांनी सह्या केल्या, आणि बिग बेअरची माणसं शिध्यासाठी त्यांच्याकडे जाऊ लागली.

पण या नेत्यांच्या मनात फक्त शिधा नव्हता, हे इथं ठामपणे सांगायला हवं. क्री आणि असिनिबॉइन नेत्यांनी सायप्रस हिल्समध्येच, एकमेकांना लागून, राखीव जमिनी मागितल्या. काहींना तशी आशाही दाखवली गेली, मेपल क्रीकजवळ शेतीही सुरू झाली. क्री नेते पियापॉट, लिटल पाइन, बिग बेअर आणि असिनिबॉइन यांच्या जमिनी शेजारी-शेजारी आल्या असत्या तर मूलनिवासींचा एक सलग प्रदेश तयार झाला असता, आणि मोठ्या संख्येनं एकत्र राहणाऱ्यांना सरकारशी बरोबरीनं बोलता आलं असतं. जॉन टोबायस या इतिहासकारानं 1983 मध्ये दाखवून दिलं की सरकारला भीती होती ती याचीच. एडगर ड्युडनी या इंडियन कमिशनरनं टेकड्यांतले सगळे बेत रद्द करून लोकांना दूर उत्तरेला आणि पूर्वेला पाठवायचं ठरवलं. रस्ता एकच होता: सायप्रस हिल्समधला शिधा तोडायचा आणि दुसरीकडे द्यायचा.

ही युक्ती आधी लकोटांवर वापरली गेली. सिटिंग बुलशी सलगी वाढली म्हणून ओटावानं 1880 मध्ये वॉल्शची बदली केली, आणि उरलेल्या लकोटांना अन्न नाकारलं. पाठलाग कोणी केला नाही, गोळी कोणी झाडली नाही. जुलै 1881 मध्ये सिटिंग बुल आपल्या उरल्यासुरल्या माणसांसह फोर्ट ब्युफर्डला अमेरिकनांच्या स्वाधीन झाला. मग पाळी क्री आणि असिनिबॉइनांची. 1882 मध्ये पियापॉट आणि असिनिबॉइन गट पूर्वेकडे गेले. वचन दिलेलं तिथं न मिळाल्यानं त्याच वर्षी परत आले. त्या शरद ऋतूत किल्ल्याचा डॉक्टर ऑगस्टस ज्यूक्स यानं ओटावाला पत्र लिहून कळवलं की इथं सुमारे दोन हजार माणसं उपाशी आहेत, अंगावर धड कपडे नाहीत, आणि मदत मिळाली नाही तर हिवाळ्यात ती जगणार नाहीत. त्याच वर्षी पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड यांनी संसदेत, खर्च वाढल्याच्या टीकेला उत्तर देताना सांगितलं होतं की उपासमारीच्या काठावर येईपर्यंत आमचे अधिकारी अन्न देत नाहीत. हे त्यांनी सरकारच्या काटकसरीचा दाखला म्हणून सांगितलं. 8 डिसेंबर 1882 रोजी बिग बेअरनं फोर्ट वॉल्शमध्ये तहावर सही केली. सहा वर्षं जो माणूस युक्तिवादानं वाकला नव्हता त्याला एका हिवाळ्यानं वाकवलं. पुढच्या वसंतात किल्ला मोडून टाकण्यात आला.

यावर पहिला आक्षेप असा की बायसन सरकारनं मारले नाहीत. नैसर्गिक आणि व्यापारी संकटाचं पाप पोलिसांच्या माथी का? संकटाचं पाप त्यांचं नव्हे, हे मान्य. पण संकट आल्यावर अन्न होतं की नव्हतं, हा वेगळा प्रश्न आहे. होतं. ते किल्ल्याच्या कोठारात होतं, आणि पुढं इंडियन हेडला, बॅटलफर्डला द्यायलाही होतं. अन्न कुठं द्यायचं हे ठरवून माणूस कुठं राहणार हे ठरवण्यात आलं. शिवाय सहाव्या तहात दुष्काळ पडला तर मदत करण्याचं कलम घालण्यात आलं होतं, ते क्री नेत्यांच्या आग्रहावरूनच. आपल्याकडच्या वाचकाला ही रीत अनोळखी वाटू नये. 1877 मध्ये, म्हणजे सिटिंग बुल टेरीला नाकारत होता त्याच वर्षी, दख्खनच्या दुष्काळात रिचर्ड टेंपल यांनी खडी फोडणाऱ्या मजुराचा रोजचा शिधा एक पौंड धान्यावर आणला, मजुरांनी कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं आकडे देऊन सरकारला जाब विचारला. ओटावाचं सरकार स्वतःचे निर्णय स्वतः घेई, त्याला कोणी कलकत्त्याहून हुकूम दिला नव्हता. पण भुकेल्या माणसाला फुकट दिलं तर तो बिघडेल, आणि अन्न हे त्याला वळण लावण्याचं साधन आहे, हा विचार दोन्हीकडच्या कचेऱ्यांत सारखाच रुजलेला होता. क्री लोकांच्या बाजूनं आकडे मांडणारी सार्वजनिक सभा मात्र ओटावात नव्हती. ज्यूक्सचं पत्र होतं, आणि ते एका नोकराचं पत्र होतं.

त्याच पत्रावरून दुसरा आक्षेप येतो: पोलीस माणुसकीनं वागले, क्रौर्य होतं ते इंडियन खात्याचं. हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो बराचसा खरा आहे. अर्विनच्या माणसांनी शेवटच्या हिवाळ्यात थोडाफार शिधा वाटणं चालू ठेवलं. नोव्हेंबर 1879 मध्ये किल्ल्याजवळ मार्माड्यूक ग्रेबर्न या तरुण पोलिसाचा खून झाला, स्टार चाइल्ड या मूलनिवासी तरुणावर आरोप आला, आणि पुरावा पुरत नाही म्हणून गोऱ्या ज्यूरीनं त्याला सोडून दिलं. सूडबुद्धी असती तर हे घडलं नसतं. पण संस्थेचा हिशेब तिच्यातल्या भल्या माणसांवरून पूर्ण होत नाही. ड्युडनीकडे स्वतःची फौज नव्हती. त्याचे हुकूम पोचवायला, जमाव शांत ठेवायला, काफिल्याबरोबर चालायला आणि अखेर किल्ला मोडायला जी माणसं होती ती पोलीसच. आणि हजारो उपाशी माणसं दोन वर्षं कोठाराच्या कुंपणाबाहेर बसून राहिली, तरी त्यांनी कोठार लुटलं नाही, ही गोष्ट नुसत्या धाकानं समजावता येत नाही. शंभरएक पोलिसांना त्यांनी सहज हटवलं असतं. किल्ल्याची जागाच तशी होती. ते थांबले, कारण लाल डगल्यातला माणूस शब्द पाळतो असा त्यांचा चार वर्षांचा अनुभव होता.

अमेरिकेशी तुलना करून कॅनडाचा मार्ग उजवा ठरवणारेही आहेत. रणात पडलेल्यांची संख्या मोजली तर ते बरोबर आहेत. पण भुकेनं आणि भुकेमागून आलेल्या क्षयानं जे मेले ते त्या मोजणीत येत नाहीत. जेम्स डॅशुक यांनी 2013 च्या आपल्या पुस्तकात ते मोजणीत आणले, तेव्हा कॅनडात मोठी खळबळ झाली. आणि रक्तपात टळला होता असंही नाही, तो दोन वर्षं पुढं ढकलला गेला होता. एप्रिल 1885 मध्ये फ्रॉग लेकला बिग बेअरच्या तळावरच्या चिडलेल्या तरुणांनी नऊ जणांना मारलं. त्यांत शिधा अडवणारा अधिकारी होता. बिग बेअर थांबा म्हणत होता, तरी तुरुंगात तोच गेला. 27 नोव्हेंबरला बॅटलफर्डच्या पोलीस ठाण्याच्या आवारात आठ मूलनिवासींना एकदम फाशी दिलं गेलं.

आज दिसणाऱ्या इमारती मूळच्या नाहीत. 1940 च्या दशकात रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिसांनी ही जमीन घेतली, जुन्या खुणांवर ओंडक्यांच्या इमारती पुन्हा उभ्या केल्या आणि तिथं आपले घोडे पैदा केले. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जागा राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आली. म्हणजे पाहणाऱ्यासमोर जे आहे ते पोलिसांनीच उभारलेलं स्वतःचं स्मारक आहे. दक्षिणेला हत्याकांडाची जागा आहे, आणि तीही संरक्षित आहे. पण या इतिहासाचा आणखी एक पुरावा किल्ल्याच्या कुंपणाबाहेर, मेपल क्रीकच्या आग्नेयेला आहे. नेकानीत नावाच्या क्री नेत्याचा गट 1883 मध्ये हलला नाही. तह केलेला असूनही शिधा नाही, मदत नाही, सरकारदरबारी नोंद नाही. या लोकांनी लाकडं तोडली, गुरं पाळणाऱ्यांकडे मजुरी केली, शिकार केली, आणि ते टेकड्यांतच राहिले. 1913 मध्ये सरकारनं त्यांना तिथंच राखीव जमीन दिली. सायप्रस हिल्समध्ये मूलनिवासींची वस्ती टिकणं शक्य नाही, लोकांच्या भल्यासाठीच त्यांना हलवावं लागलं, असं ड्युडनीच्या बाजूनं जे म्हटलं जातं, त्याला या तीस वर्षांनी उत्तर दिलं आहे. त्यांचे वंशज आजही तिथं राहतात.